सात-बारा, सहा महिने आणि एन-४००

वाचकांचे प्रश्न

ताई, गाव अमळनेर तालुक्यातलं, सध्या मुक्काम ओहायोत, कोलंबसला. ग्रीन कार्ड जानेवारी २०२१ चं, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्वाचा अर्ज, एन-४००, करायला लागणारी पाच वर्षं भरली. २०२३ च्या जुलैत अप्पांना लकवा मारला. २८ जुलैला निघालो तो १६ फेब्रुवारी २०२४ ला परतलो. बायको-मुलगी कोलंबसलाच होत्या. नोकरी सुटली नाही; कंपनीनं आधी रजा दिली, नंतर गावाकडून लॅपटॉपवर काम करू दिलं. दुपारी मोठ्या भावाच्या कृषी सेवा केंद्रात गल्ल्यावर बसायचो, तेवढीच त्याला मदत. परवा एका लग्नात न्यू जर्सीचा चुलतभाऊ म्हणाला, ‘सहा महिन्यांच्या वर राहिलास ना? मग विसर. पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून.’ शिवाय २०२२ मध्ये गाडी वेगात चालवल्याचा दंड झालाय. शाळेच्या दाखल्यावर माझं नाव भिकन आहे, पासपोर्टवर दुसरं. मुलगी धुळ्याला जन्मलेली, आता नऊ वर्षांची. आणि अप्पांचं एकच पालुपद: ‘तू तिकडला झाला म्हंजे जमिनीवरनं नाव जाई, आते कसं व्हई?’ अर्ज भरू की नको?
— एक वाचक, कोलंबस

दादा, चुलतभावाचं अर्धं बरोबर आहे, म्हणून तर पंचाईत. साफ चुकीचं सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी विसरला असता.

एका फेरीत १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षाच्या आत बाहेर राहिलात, तर नागरिकत्वासाठी लागणारा तुमचा सलग रहिवास तुटला असं कायदा धरून चालतो. धरून चालतो, एवढंच. तसं नव्हतं हे दाखवायची संधी तुम्हाला असते. वर्ष उलटलं असतं तर मात्र बोलायला जागा नव्हती. परत गेल्यापासून चार वर्षं आणि एक दिवस झाल्याशिवाय अर्जच करता आला नसता. तुमचे दिवस होतात दोनशेच्या आसपास. चुलतभावानं सांगितलेला नियम तुम्हाला लागू आहे, निकाल त्यानं स्वतःच लावून टाकला.

मी न्यू जर्सीत एका इमिग्रेशन वकिलाकडे बरीच वर्षं फायली लावल्या. आपली माणसं मुलाखतीला जाताना आजारपणाचे कागद गठ्ठ्यानं नेतात. एमआरआय, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या. ते न्या, तारखा जुळायला उपयोगी पडतात. पण तुम्ही का गेलात हा ऑफिसरचा मुख्य प्रश्न नसतो. जाताना मागे काय ठेवून गेलात, हे तो पाहतो. नियमातच लिहिलंय: अमेरिकेतली नोकरी सोडली नव्हती आणि बाहेर दुसरी धरली नव्हती, जवळचं कुटुंब अमेरिकेतच होतं, राहतं घर हातात होतं. तिन्ही गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. कंपनीचं पत्र घ्या, त्यात रजेच्या आणि घरून कामाच्या तारखा असू द्या. त्या सात महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, घराचं भाडं किंवा हप्ता, वीजबिल, मुलीच्या शाळेचा हजेरीचा कागद जोडा. आणि त्या दोन्ही वर्षांची कर विवरणपत्रं. ती रहिवाशाच्या साध्या १०४० फॉर्मवर भरलेली असावीत. कुणाच्या सल्ल्यानं अनिवासी म्हणून १०४०-एनआर भरलं असेल तर थांबा, आधी वकील गाठा. ग्रीन कार्डवाल्यानं स्वतःला कराच्या कागदावर अनिवासी म्हणवून घेणं हे दोनशे दिवसांपेक्षा वाईट.

दुकानाचं म्हणाल, तर भावाच्या गल्ल्यावर बसून युरियाच्या गोण्या मोजल्या म्हणून ती नोकरी होत नाही. पण दुकानाच्या भागीदारीत किंवा जीएसटी नोंदणीत तुमचं नाव असेल, तर ते घरात विचारून घ्या. आपल्याकडे भावाचं नाव कुठं कुठं घातलेलं असतं हे त्या भावाला शेवटी कळतं.

तारखांबद्दल. अमेरिकेतून निघताना पासपोर्टवर शिक्का बसत नाही, मुंबईला उतरताना बसतो. पाच वर्षांतली प्रत्येक फेरी अर्जात लिहायची आहे, तीन दिवसांची कॅनडाची सहलसुद्धा. ईमेलमधली तिकिटं शोधा आणि नाहीच सापडलं तर आईला विचारा. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात दुधाचा खाडा, सिलिंडर, मोटार जळाली, आणि त्याच पेनानं ‘भाऊ आला’ असं लिहिलेलं तुमच्या घरी नसेल तर मला नवल वाटेल. तो पुरावा म्हणून द्यायचा नाही, तुमच्या हिशोबासाठी पाहायचा. जायचा आणि यायचा, दोन्ही दिवस अमेरिकेत धरले जातात. पाच वर्षांत तिथं प्रत्यक्ष ३० महिने लागतात. बाकीच्या फेऱ्या छोट्या असतील तर त्याची तुम्हाला चिंता नाही.

मग भरू की नको? थांबायचं ठरवलं तर ती फेरी अडचण करणार नाही इतकी मागे पडायला २०२८ चा ऑगस्ट उजाडेल. मी तुमच्या जागी थांबले नसते. अर्ज भरला असता, कागद विचारण्याची वाट न पाहता पहिल्याच दिवशी जोडले असते आणि मुलाखतीला वकील सोबत नेला असता. फी ऑनलाइन ७१० डॉलर, कागदी अर्ज केला तर ७६०. फक्त एक: अर्ज टाकल्यापासून नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत पुन्हा लांबचा मुक्काम नको. तोही मोजतात.

वेगाचा दंड लिहून टाका. ‘कधी पोलिसांनी पकडलं, दंड केला का’ असं अर्जात विचारलेलं आहे, त्याला उत्तर ‘होय’. दारू नाही, अटक नाही, ५०० डॉलरच्या आतला दंड, तर त्याचे कागदही सहसा लागत नाहीत. ऑगस्ट २०२५ पासून चारित्र्य पाहताना ऑफिसरांना सगळं आयुष्य तोलायला सांगितलंय, आणि वारंवार वाहतुकीचे नियम मोडणंही त्यात येतं. एकदाचा दंड म्हणजे वारंवार नव्हे. लपवलात तर मात्र तो दंड राहत नाही, खोटं बोलणं होतं, आणि त्यावर अर्ज खरोखर नाकारतात.

भिकन हे नाव वाचून मला बरं वाटलं. भावंडं दगावली की पुढच्याला भिकन, दगडू, धोंडू म्हणायचं, कुणाची नजर नको. मग नाशिक-पुण्याला कॉलेजात गेल्यावर मुलगा ते बदलतो. अर्जात जन्मापासून वापरलेली सगळी नावं विचारतात, तिथं भिकन लिहा. राजपत्रातली नावबदलाची प्रत असेल तर जोडा. नसेल तर प्रतिज्ञापत्र करून ठेवा. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये आणि ग्रीन कार्डवर गाळलेलं, पाटीलच्या स्पेलिंगमध्ये एक ई जादा, असले फरकही त्याच रकान्यात.

आता अप्पा. त्यांना हे वाचून दाखवा.

अप्पा, वारसा कुठंही जात नाही. मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला की भारताचं नागरिकत्व आपोआप संपतं, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९. पासपोर्ट जमा करून तो ओसीआय कार्ड घेईल, ते परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं. ओसीआयवाल्याला मत नाही, निवडणूक नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. पण वारसानं आलेली शेतजमीन त्याच्या नावावर लागते आणि राहते. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते: शेतजमीन विकत घेण्याची बंदी त्याला आजही आहे, भारतीय पासपोर्ट खिशात असताना. परदेशात नोकरीला राहणाऱ्याला ती विकत घेता येत नाही. म्हणजे शपथ घेतल्यानं या बाबतीत त्याचं फारसं काही बदलत नाही.

बदलतं ते कागद कोणता करायचा यात. बक्षीसपत्र करू नका. परदेशात राहणाऱ्याला शेतजमीन बक्षीस घेता येत नाही. मृत्युपत्र करा, किंवा नुसतं राहू द्या, वारस नोंद होईल. पुढं कधी विकायची झालीच तर त्यानं ती भारतात राहणाऱ्यालाच विकायची, आणि आपल्या राज्यात घेणारा शेतकरी असावा लागतो, ते वेगळं. आणि एक घरातली गोष्ट. मुलगा बाहेरदेशी गेला की कुणीतरी हक्कसोडपत्र घेऊन येतं. ‘नुसती सही कर, तलाठ्याला लागतं.’ तलाठ्याला असलं काही लागत नाही. नोंदवलेलं हक्कसोड मागे घेणं म्हणजे कोर्टाच्या पायऱ्या. द्यायचंच असेल तर मुलानं भावाला खुशीनं द्यावं, पण अमेरिकेच्या नावानं घाबरून नव्हे.

मुलीचं सोपं आहे. तिचं ग्रीन कार्ड आहे, अठराच्या आत आहे, तुमच्याजवळ राहते. तुम्ही शपथ घेतली त्या क्षणी ती नागरिक. तिच्यासाठी थेट पासपोर्टचा अर्ज करा. बायकोनं मात्र स्वतःचा अर्ज करायचा.

नागरिकत्वाची परीक्षा बदलली आहे. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज भरणाऱ्यांसाठी १२८ प्रश्नांचा संच, त्यातले वीसपर्यंत विचारतात, बारा बरोबर हवेत. चुलतभावाकडच्या जुन्या शंभर प्रश्नांच्या झेरॉक्सवर विसंबू नका.

ताई, मी ६८ वर्षांची, शहाद्याची. मुलगा न्यू जर्सीला, माझं ग्रीन कार्ड २०१९ चं. थंडी सोसत नाही म्हणून दिवाळीनंतर येते, एप्रिलअखेर परत जाते. दरवर्षी सहा महिन्यांच्या आत असतं, त्यामुळे काही होत नाही, असं मुलगा म्हणतो. इंग्रजी येत नाही. मराठीत परीक्षा देता येते का? मुलाची फार इच्छा आहे की मी सिटिझन व्हावं.
— एक आई

मावशी, मराठीत देता येते, पण तुम्हाला नाही. वय ५० च्या वर आणि ग्रीन कार्डावर २० वर्षं, किंवा ५५ च्या वर आणि १५ वर्षं, तरच इंग्रजी माफ आणि सोबत दुभाषा. तुमचं कार्ड २०१९ चं. वैद्यकीय कारणानं सूट मिळवायचा एन-६४८ नावाचा फॉर्म असतो, पण तो स्मृतिभ्रंशासारख्या खऱ्या आजारासाठी, डॉक्टरनं सही करून दिलेला. ‘शाळेत गेले नाही’ हा आजार नाही. कुणी पैसे घेऊन तसा फॉर्म भरून देतो म्हणाला तर मुलाला त्याच्यापासून लांब ठेवा.

दुसरं, सहा महिन्यांच्या आत म्हणजे काही होत नाही, हे खरं नाही. दर वर्षी साडेपाच महिने शहाद्यात, म्हणजे पाच वर्षांत साडेसत्तावीस. अमेरिकेत उरले साडेबत्तीस. लागतात तीस. एका वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन काढून तीन महिने जादा राहिलात की गेलं गणित. त्याहून मोठं म्हणजे, ग्रीन कार्ड तिथं राहणाऱ्यासाठी असतं. दर एप्रिलला विमानतळावर ‘तुमचं घर कुठं?’ असं विचारलं तर काय सांगाल?

तुमच्या पत्रात चार ओळी न्यू जर्सीबद्दल आणि दीड पान शहाद्याबद्दल आहे. श्रावणात कानबाईचे रोट चुकतात, घराला कुलूप, पपईच्या बागेत कामाला कोण. हे वाचून मला वाटतं, इच्छा मुलाची आहे. त्याच्याशी बोला. कार्ड परत करून व्हिजिटर व्हिसावर जाऊन येणं हा कमीपणाचा मार्ग नाही, पण व्हिसा मिळेलच याची खात्री नसते, तेव्हा घाईनं कार्ड देऊन बसू नका. तिकडंच राहायचं ठरलं तर हिवाळ्यातला मुक्काम दोन महिन्यांवर आणा आणि इंग्रजीच्या वर्गाला जा. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांत बऱ्याच ठिकाणी ते फुकट असतात.

जावई अमेरिकन नागरिक आहे. मुलीला तीन वर्षांत नागरिकत्व मिळतं ना?
— चाळीसगाव

मिळतं, पण तीन वर्षं कार्ड आणि तीन वर्षं एकत्र संसार, दोन्ही लागतं, आणि अर्जाच्या दिवसापर्यंत एका घरात. त्यात १८ महिने प्रत्यक्ष तिथं. तुमच्या पत्रात ‘सध्या ती मैत्रिणीकडे आहे’ असं एक वाक्य आहे, आणि पुढं लगेच दुसरा विषय. ती वेगळी राहत असेल तर तीन वर्षांच्या कलमाखाली अर्ज करायला लावू नका, जावयाचा पत्ता घालून तर नाहीच. पाच वर्षांचा रस्ता तिच्या स्वतःच्या कार्डावर असतो, त्याला नवरा लागत नाही. कार्ड दोन वर्षांच्या अटीचं, म्हणजे नव्या लग्नावर मिळालेलं तात्पुरतं, असेल तर वेळ आणखी कमी आहे. लग्नाची तारीख, कार्डावरची तारीख आणि ती कधीपासून वेगळी राहते हे तिलाच लिहायला सांगा, तुम्ही नको. नाव छापणार नाही.