नववी पुण्यात, दहावी कॅलिफोर्नियात: कोर्स कसे निवडायचे

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगी स्टेट बोर्डाची नववी करून ऑगस्टमध्ये सॅन होजेला दहावीत बसणार, डोक्यात यूसी बर्कली (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं बर्कलीचं कॉलेज) आहे, तर सायन्सचे कुठले विषय घ्यायचे. इथे सायन्स-कॉमर्स असं काही नसतंच हो. इंग्लिश, गणित, सायन्स, इतिहास आणि एक परकी भाषा, सगळं बरोबरीनेच चालतं, त्यामुळे इंजिनिअरिंगला जायचंय तर इतिहास कशाला हा विचार सोडूनच द्या.

सगळ्यात जास्त जपायचं ते गणित. इथे एका वर्षाला एक विषय, अल्जिब्रा 1, जॉमेट्री, अल्जिब्रा 2, प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस. आपल्याकडे भाग 1 भाग 2 करून बीजगणित-भूमिती एकत्रच शिकवतात, पण इथल्या काउन्सेलरला, म्हणजे मुलांचे कोर्स ठरवून देणाऱ्या शाळेतल्या सल्लागाराला, मार्कशीटवर नुसतं मॅथेमॅटिक्स दिसलं की जॉमेट्री झालेली नाही असं धरून मुलांना मागे बसवतात. दहावीत जॉमेट्री म्हणजे अकरावीत अल्जिब्रा 2, बारावीत प्रीकॅल्क्युलस, संपलं, कॅल्क्युलस राहूनच गेलं. तेच दहावीला अल्जिब्रा 2 मिळालं तर बारावीत एपी (शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) कॅल्क्युलस घेता येतं. म्हणून आठवी-नववीच्या मार्कशीट आणि गणिताच्या दोन्ही भागांच्या अनुक्रमणिका सोबत आणा, कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी प्लेसमेंट टेस्ट आपणहून मागा, लाजू नका. यूसीला जॉमेट्री लागतेच, तेव्हा इथली शाळा ती झाली असं धरतेय का ते लेखी घ्या. नसेल धरत तर पुढच्या समरमध्ये करून टाकायची.

यूसीच्या प्रवेशासाठी लागणारे ए-जी म्हणून 15 वर्षभराचे कोर्स आहेत. त्यात एक वर्ष आर्टचं असतं आणि आपले लोक नेमकं तेच विसरतात. बाहेर लावलेला भरतनाट्यमचा क्लास त्यात चालत नाही, शाळेतलाच कोर्स लागतो. भाषेची दोन वर्षं कंपल्सरी, तीन केली तर उत्तम, म्हणून दहावीतच स्पॅनिश 1 सुरू करा. मुलगी मराठी माध्यमात शिकली असेल तर ते भाषेसाठी धरता येईल का हे काउन्सेलरला जरूर विचारा.

आता एपी. पहिल्याच वर्षी चार-चार एपी लादू नका, माझं हे अगदी कळकळीचं सांगणं आहे. यूसी जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढते ती दहावी-अकरावीच्याच ग्रेडवर आणि सॅट ही प्रवेशपरीक्षा तर बघतच नाही, म्हणजे नव्या देशातलं पहिलंच वर्ष सरळ हिशोबात येतं. एपी वर्ल्ड हिस्टरी इथे बरीच मुलं दहावीत घेतात, पण त्यात एका तासात सात कागदपत्रं वाचून त्यांच्या आधाराने स्वतःचं म्हणणं मांडायचं असतं, गाइडमधली उत्तरं पाठ करून येणाऱ्या हुशार मुलीलाही ते आधी जड जातं. त्यापेक्षा इंग्लिश ऑनर्स (नेहमीच्यापेक्षा थोडा वरचा कोर्स) घेऊ दे, लिहायचा हात बसू दे, मग अकरावीत दोन-तीन एपी. कॉलेजवाले शाळेत किती एपी आहेत आणि त्यातले मुलीने किती घेतले हे बघतात, शेजारच्या शाळेशी तुलना नसते.

आणि एक, कोर्स निवडायचं काम फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकलेलं असतं, ऑगस्टमध्ये येणाऱ्याला उरलेल्या जागा मिळतात. घराचा पत्ता नक्की झाला की त्याच दिवशी शाळेला मेल टाका. कुठल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (त्या भागातल्या शाळा चालवणारी संस्था) घर बघताय ते कळवा, तिथल्या कोर्स कॅटलॉगमध्ये काय बघायचं ते सांगते.