टक्कल पडण्यात ग्रोथ फॅक्टरचा वाटा किती?

वय २६, कपाळाचे कोपरे मागे सरकलेत आणि क्लिनिकमध्ये सांगितलंय, "ग्रोथ फॅक्टर कमी पडलेत, पीआरपी घ्या." हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. (ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना वाढीचे किंवा थांबण्याचे संदेश देणारी प्रथिनं, आणि पीआरपी म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेटचं इंजेक्शन.) मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. माझ्या मते हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं पैसे भरण्याआधी कळायला हवं.

केसाच्या मुळाशी डर्मल पॅपिला नावाचा पेशींचा पुंजका असतो. केस किती काळ वाढायचा, कधी थांबायचा, हे बरंचसं तिथून सुटणाऱ्या ग्रोथ फॅक्टरवर ठरतं. त्यातला आयजीएफ-१ वाढीचा काळ लांबवतो, व्हीईजीएफ मुळाभोवतीच्या रक्तवाहिन्या राखतो. पण सगळेच केसाच्या बाजूचे नसतात. एफजीएफ-५ वाढ थांबवतो. त्याचं जनुक निकामी झालेल्या उंदरांचे केस नेहमीपेक्षा लांब वाढतात. टीजीएफ-बीटाही थांबवणाऱ्यांतलाच.

आता मूळ कारण. फाइव्ह-अल्फा रिडक्टेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनपासून डीएचटी हे दुसरं हॉर्मोन बनवतं. आनुवंशिकतेमुळे ज्यांची मुळं डीएचटीला संवेदनशील असतात, त्यांच्या पॅपिलातून टीजीएफ-बीटा जास्त सुटू लागतो. वाढीचा काळ दर खेपेला आखडतो, केस बारीक होत जातो, शेवटी नुसती लव उरते. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांतल्या पुरुषांत हे एन्झाइम जन्मतःच काम करत नाही. १९७४ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या पुरुषांना असं टक्कल पडत नाही! म्हणजे ग्रोथ फॅक्टरचा तोल बिघडतो हे खरं, पण तो बिघडवतं डीएचटी.

पीआरपीत तुमच्याच रक्तातल्या प्लेटलेट टाळूत टोचतात. त्यातून पीडीजीएफ, व्हीईजीएफ हे ग्रोथ फॅक्टर मिळतात, आणि टीजीएफ-बीटासुद्धा. काहींचे केस दाट होतात, काहींना काहीच फरक पडत नाही. डीएचटीचा मारा मात्र चालूच राहतो. खाली नळ उघडा ठेवून टाकी भरण्यासारखं आहे ते.

म्हणून मी आधी फिनास्टेराइड आणि मिनॉक्सिडिल या औषधांचा विचार करतो. फिनास्टेराइड डीएचटी कमी करतं. काहींची लैंगिक इच्छा कमी होते, मन उदास राहतं. तसा त्रास पूर्वी झाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. मिनॉक्सिडिलने सुरुवातीला गळती वाढू शकते, घाबरून सोडू नका. दोन्ही बंद केली की मिळालेला फायदा हळूहळू जातो.

पीआरपी घ्यायचंच असेल तर जोडीला घ्या. क्लिनिकमध्ये एवढं विचारा: "डीएचटीसाठी काय देताय?" धड उत्तर आलं नाही तर पॅकेजचे पैसे भरू नका, दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.