अंटार्क्टिकावर कोणाचा पैसा चालतो?

प्रश्न : नोटा जमवण्याचा छंद असलेल्या एका मित्राने मला 'अंटार्क्टिका डॉलर'ची नोट दाखवली. ती खरी असते का? त्या खंडावर कोणाचेच राज्य नसेल, तर तेथील लोक व्यवहार कोणत्या चलनात करतात? - एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या मित्राची नोट बनावट नाही, पण ती चलनही नाही. एका खासगी संस्थेने 1996 पासून अशा नोटा संग्राहकांसाठी छापल्या. त्यांच्यामागे ना सरकार उभे आहे, ना मध्यवर्ती बँक. अंटार्क्टिकावर ती देऊन चहाचा कपसुद्धा मिळणार नाही.

1959 साली झालेला आणि 1961 पासून अमलात असलेला अंटार्क्टिक करार सात देशांचे जुने दावे मान्यही करत नाही आणि फेटाळतही नाही. नवा दावा करण्यास मात्र मनाई करतो. साहजिकच या खंडाला स्वतःचे सरकार नाही आणि चलनही नाही. तरीही व्यवहार अडत नाही, कारण संशोधन तळ ज्या देशाचा, त्याचाच पैसा तेथे चालतो. मॅकमर्डो या अमेरिकी तळावर उन्हाळ्यात सुमारे हजार माणसे असतात. दुकानात आणि बारमध्ये अमेरिकी डॉलर खर्च होतात आणि एटीएमही आहे. यंत्रे दोन ठेवली आहेत, कारण एक बिघडले तर दुरुस्तीला माणूस येणार कोठून? यंत्रातून काढलेली नोट दुकानाच्या गल्ल्यात जाते आणि तेथून पुन्हा यंत्रात येते, त्यामुळे त्याच त्या नोटा तळावर फिरत राहतात. टेकडी ओलांडून तीनेक किलोमीटर चालले की न्यूझीलंडचा स्कॉट तळ लागतो आणि तेथे हिशेब न्यूझीलंडच्या डॉलरमध्ये होतो. वाटेत ना सीमा, ना नाके. पोर्ट लॉकरॉय येथील ब्रिटिश टपाल कार्यालय पर्यटकांकडून पौंडांबरोबर अमेरिकी डॉलरही घेते.

उत्तर ध्रुवाकडील स्वालबार्ड या बेटांची गोष्ट वेगळी आहे. तेथे 1920 च्या करारानुसार सार्वभौमत्व नॉर्वेचे आहे, पण करारातील इतर देशांच्या नागरिकांनाही उद्योगधंद्याची समान मुभा आहे. तेथील रशियन कोळसा कंपनीने 1946 मध्ये आणि पुन्हा 1993 मध्ये आपली नाणी काढली, तर नॉर्वेच्या खाण कंपनीच्या नोटा 1980 च्या सुमारापर्यंत चालत होत्या. आपल्याकडे अडत्याच्या वहीत उचल मांडली जाते आणि गूळ विकला गेल्यावर ती वळती होते. तेथे त्या वहीची जागा कंपनीच्या नाण्याने घेतली होती, एवढेच.

भारताच्या 'मैत्री' आणि 'भारती' या तळांवर खरेदीचा प्रश्न फारसा येत नाही. जेवण, कपडे आणि निवारा मोहिमेकडून मिळतो, तर पगार मायदेशी बँकेत जमा होतो. रुपयाचे दर्शन घडते ते टपाल तिकिटावर. 1984 साली दक्षिण गंगोत्री या अंटार्क्टिकावरील भारताच्या पहिल्या तळावर आपले पहिले टपाल कार्यालय सुरू झाले आणि एप्रिल 2024 मध्ये 'भारती' येथेही ते उघडले. त्याला प्रायोगिक तत्त्वावर दिलेला पिनकोड आहे एमएच-1718, कारण हे कार्यालय गोव्यामार्फत महाराष्ट्र टपाल मंडळाशी जोडलेले आहे. आपल्या मित्राला संग्रहात अंटार्क्टिकाची खरी खूण हवी असेल, तर त्या छापील डॉलरपेक्षा तेथील शिक्का उमटलेले पाकीट मी अधिक मोलाचे मानेन.