वीस-बावीस वर्षांनी शिवाजी विद्यापीठात जायचंय. मैत्रिणी सापडतील का, सर ओळखतील का?

तुम्ही विचारलंय की २००२ साली कोल्हापुरात एमएस्सी केलं, लग्नानंतर गाव सुटलं, मैत्रिणींचे नंबर उरले नाहीत, सर तर निवृत्तच झाले असतील, मग आता नुसत्या इमारती बघायला कशाला जायचं? मी त्याच विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान अधिविभागातली, तुमच्या थोडी आधीची. मी म्हणेन जरूर जा. फक्त आधी माणसं शोधा आणि मग तारीख ठरवा. इमारती कुठं जात नाहीत.

सगळ्यात आधी सर. तुम्ही शिकत होता तेव्हा जे चाळिशीत होते, ते आता साठी ओलांडून गेलेत. अधिविभागात गेलात तर त्यांच्या खोलीत त्यांचाच एखादा विद्यार्थी प्राध्यापक म्हणून बसलेला असेल, आणि ते तुमच्या पथ्यावरच पडणार आहे, कारण सरांचा नंबर, घर, तब्येत हे सगळं त्यालाच नेमकं ठाऊक असतं. निवृत्त मंडळींपैकी बरीच जण राजारामपुरी, प्रतिभानगर, सम्राटनगर अशा जवळच्याच भागात राहतात. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो, त्या निमित्तानं बाहेर पडतात, एकमेकांना भेटतात. एका सरांचा पत्ता लागला की बाकीच्यांचा लागतोच.

फोनवर मात्र नुसतं नाव सांगू नका. त्यांच्या हाताखालून इतक्या बॅच गेल्यात की नाव आणि साल सांगून काही उमगत नाही. मी माझं नाव सांगितलं, माहेरचं आडनाव सांगितलं, सर नुसते "हां हां" करत होते. मग त्यांनी विचारलं, "प्रोजेक्ट कशावर होता?" म्हटलं, कॅडमियम सल्फाइड. "मग असं सांग की! पिवळ्या फिल्मवाली तू!" त्यानंतर माझ्या जोडीला कोण होती, आमची भट्टी कुठल्या कोपऱ्यात होती, सगळं त्यांनीच मला सांगितलं.

आमच्याकडे पातळ फिल्मवर, म्हणजे काचेवर बसवलेल्या पदार्थाच्या अगदी पातळ थरावर, फार काम चालायचं. तीनशे अंशांच्या वर तापवलेल्या काचपट्टीवर द्रावणाचा बारीक फवारा मारायचा, की पट्टीवर फिल्म बसायची. पट्टी गार झाली की सर ती खिडकीशी धरून बघायचे. पांढुरका डाग दिसला की कपाळाला आठी. मग साधी सेलोटेप घ्यायचे, फिल्मवर अंगठ्यानं दाबून चिकटवायचे आणि एका झटक्यात ओढायचे. टेपवर पिवळं आलं, म्हणजे फिल्म काचेला नीट धरली नाही, की "परत." एवढंच बोलायचे. त्या "परत"वर आम्ही हॉस्टेलवर येऊन रडलोय.

मी आज चाकणला गाड्यांच्या रंगाची तपासणी करते. रंगावर पात्यानं उभ्या-आडव्या रेघा मारायच्या, टेप लावायची, ओढायची, किती चौकोन सुटले ते बघायचं. सरांच्या घरी गेल्यावर मी त्यांना हे सांगितलं, तर त्यांनी तिथल्या तिथं कागद-पेन मागवलं आणि चौकोन किती मिलिमीटरचे घेता, टेप कुठल्या कोनात ओढता, तासभर विचारत बसले. काकू चहा ठेवून गेल्या, तो तसाच गार झाला. म्हणून सांगते, शाल-श्रीफळाच्या फंदात पडू नका. त्यांनी शिकवलेलं तुमच्या हातून आज कुठं वापरलं जातंय ते घेऊन जा. शिक्षणाचा संबंध सुटला असेल, घर-संसार बघत असाल, तर तेही मोकळेपणानं सांगा. त्यांना तुमच्या पगाराचा आकडा नको असतो, आपली मुलगी काय करते ते ऐकायचं असतं.

आणि लॅबच्या मामांना विसरू नका. भट्टी बंद पडल्यावर निम्म्या वेळा त्यांनीच सांभाळून घेतलंय. त्यांची आठवण सरांपेक्षा पक्की असते, असा माझा अनुभव आहे.

आता मैत्रिणी. मुलांचं बरं असतं, नाव-आडनाव तेच राहतं. आपल्या पोरींची आडनावं बदलली, काहींची सासरी नावंही बदलली, त्यामुळे फेसबुकवर शोधून हाती काही लागत नाही. माहेराकडून शोधा. कुणाच्या भावाचं मेडिकल दुकान आहे, कुणाचे वडील हायस्कूलला मुख्याध्यापक होते, कुणाचा मामा साखर कारखान्यात होता, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. मी एका मैत्रिणीच्या भावाच्या दुकानात चिठ्ठी आणि नंबर ठेवून आले. संध्याकाळी फोन, "अगं कुठं हाईस? कवा येणार? मी आलोच बघ स्टँडवर!" तिनं पुढं दोघींना जोडलं. सोलापूरकडच्या असतील तर तिथं २००४ पासून वेगळं विद्यापीठ आहे. तिकडच्या कॉलेजांत शिकवणाऱ्या बऱ्याच जणी आपल्याच अधिविभागातून गेलेल्या आहेत, तो धागा धरा.

संकोच वाटतो म्हणालात, त्याबद्दल एकच सांगते. विद्यापीठं-कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभागही बघितला जातो, त्यामुळे अधिविभाग अशांची वाटच बघत असतात. "तुम्ही कोण?" असं कुणी विचारणार नाही, उलट नोंदवही पुढं करतील आणि एमएस्सीच्या मुलांशी बोला म्हणतील. बोलाच. परजिल्ह्यातून येऊन हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलींना नोकरी, लग्न, पीएचडी यांबद्दल तुमच्यासारख्या बाईला खूप काही विचारायचं असतं, आणि ते विचारायला त्यांना दुसरं कुणी नसतं.

परिसर बघालच. सागरमाळावरचं ते ८५३ एकरांचं आवार आपल्या वेळेपेक्षा जास्त हिरवं दिसेल. पावसाचं पाणी अडवून तळी भरलीत, मोर आहेतच. आप्पासाहेब पवारांच्या नावाच्या विद्यार्थी भवनाकडे मात्र मुद्दाम जा. १९६२ ला विद्यापीठ उभं राहिलं तेव्हाचे हे पहिले कुलगुरू, आणि विद्यापीठातली 'कमवा आणि शिका' योजना ही त्यांचीच देणगी. आमच्या वर्गातला एक जण दिवसातले काही तास काम करून शिकला, तो नसता शिकला तर त्याच्या घरात आजही कुणी पदवीधर नसतं. मला या विद्यापीठाचा अभिमान वाटतो तो यासाठी.

दीक्षांत समारंभाच्या दिवसांत ग्रंथदिंडी, पुस्तकांचं प्रदर्शन, सगळं छान असतं, पण गर्दीत दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. मे महिन्यात आवार ओस पडतं. जानेवारी-फेब्रुवारीतला कामाचा दिवस धरा, मैत्रिणींना आदल्या रात्रीच मुक्कामाला बोलवा, आणि सरांकडे सकाळी दहाच्या सुमाराला जा, दुपारी त्यांची झोपेची वेळ असते. पहिल्या खेपेला नवरा-मुलांना बरोबर नेऊ नका. सरांचं नाव मला मेसेजमध्ये कळवा, आमच्याच अधिविभागातले असतील तर त्यांना विचारून नंबर मीच मिळवून देते.