बॅरोनेटला जहागीरदार म्हणावं का?

विचारणा अशी आहे: एका इंग्रज घराण्याच्या इतिहासाचा अनुवाद करताना 'बॅरोनेट'ला 'जहागीरदार' म्हटलं तर चालेल का? आणि बॅरन तो हाच का?

बॅरन वेगळा. तो उमराव, बॅरोनेट उमरावांत मोडत नाही. नाइटलाही 'सर' लागतं, पण ते त्याच्या हयातीपुरतं. बॅरोनेटचं 'सर' वारसाकडे जातं.

'जहागीरदार' मात्र नकोच. जहागीर राजा देतो. इथे राजानेच पैसे घेतले. पहिल्या जेम्सने १६११ साली ही पदवी काढली, ती आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतातल्या फौजेच्या खर्चासाठी. हिशेब ३० शिपायांचा, ३ वर्षांचा, माणशी रोज ८ पेन्स. तेव्हा पौंडाचे २४० पेन्स, म्हणजे दिवसाला बरोबर १ पौंड आणि एकूण १,०९५. शिवाय वर्षाला १,००० पौंड उत्पन्नाची जमीन पदरी आधीच हवी.

आपल्याकडे पाटीलकी म्हटली की वतनाची जमीन आलीच. बॅरोनेटकीचं (हा शब्द माझा, पण वापरून पाहा) तसं नाही. पदवी सनदेप्रमाणे बहुधा औरस पुरुष वंशजांकडेच जाते. मुलगी नाही, दत्तकही नाही. जमीन मात्र मृत्युपत्राने किंवा कौटुंबिक करारनाम्याने कुणालाही जाते, आणि इथेच वंशावळीत घोळ होतो. इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातला कॅल्क ॲबी हा वाडा पाहा. हार्पर घराण्याची बॅरोनेटकी १६२६ची. दहावे बॅरोनेट सर व्हॉन्सी हार्पर क्रू १९२४ साली वारले, मुलगा आधीच गेलेला. पदवी तिथेच संपली. वाडा आणि जमीन मुलीकडे, पुढे तिच्या भाच्याकडे गेली. त्याने आडनाव बदलून हार्पर-क्रू लावलं, म्हणून तो बॅरोनेट झाला नाही. तो १९८१ साली वारल्यावर वारसा कराचा बोजा आला आणि १९८५ला वास्तू नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे गेली.

या घराण्याची पदवी 'निर्वंश झाल्याने संपुष्टात आली' असं लिहा. वारस असू शकतो पण हक्क शाबीत झालेला नाही, तेव्हा पदवी 'सुप्त'. दोन्हीकडे 'लुप्त' लिहिलं की अर्थ बुडाला.

इथे 'ॲबी'चं भाषांतर 'मठ' करू नका, तो घराण्याचा राहता वाडा होता. वाड्याभोवतीचा 'पार्क' म्हणजे बाग नव्हे, हरणं राखलेलं कुरण. 'सर' पहिल्या नावाला लागतं: 'सर व्हॉन्सी' बरोबर, 'सर क्रू' चूक. बायकोला उलट, 'लेडी' आडनावाला.

बॅरोनेट कितवा, तो क्रमांक कधी गाळू नये. मुंबईच्या जमशेटजी जिजीभाईंना १८५७ साली बॅरोनेटकी मिळाली, आणि १८६०च्या कायद्याने प्रत्येक वारसाला तेच नाव घेणं भाग पडलं. त्यामुळे त्यांचे चिरंजीव कर्सेटजीही कागदोपत्री सर जमशेटजी जिजीभाईच, फक्त दुसरे.