जाळ्यात मुशी आली, आता?

आम्ही सुरमई-बांगड्यासाठी जाळी टाकतो, मुशी आपोआप येते. आता म्हणे मुशी पकडणं गुन्हा. मग समुद्रात जायचंच नाही का? (देवगड)

जायचं. सरसकट मुशीवर, म्हणजे शार्कवर, बंदी नाही. घोटाळा आहे तो शब्दाचा. आपण मुशी किंवा मोरी म्हणतो तेव्हा टोपलीत एक मासा नसतो, पाच-सहा जाती असतात. कायदा मात्र जातीचं नाव घेऊन बोलतो. 2001 मध्ये शार्क आणि पाखटं (चपटे, लांब शेपटीचे मासे) यांच्या दहा जाती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत गेल्या. 2022 च्या दुरुस्तीने ती यादी वाढली. यादी लॅटिन नावांत आणि लिलाव मराठीत, त्यामुळे बंदरावर ती कुणाला ठाऊक असणार? मत्स्यखात्याने प्रत्येक जेटीवर फोटोंचा फलक लावला असता, तर निम्मी भांडणं झालीच नसती.

तुमच्या टोपलीत सगळ्यात जास्त असते ती फावड्यासारख्या चपट्या नाकाची लहान मुशी. ती लवकर वयात येते, साधारण 35 सेंटीमीटरची झाली की विते. पाच-सहा महिन्यांचं गाभणपण, एका वेळी बरीच पिल्लं. शार्कच्या मानाने ही फार घाईची बाई! तिच्याच शेजारी हातोडीसारख्या डोक्याच्या शार्कचं वीतभर-हातभर पिल्लू पडलेलं असतं, त्याच भावाने विकलं जातं. त्याच्या आईला वयात यायलाच दहा वर्षांहून जास्त लागलेली असतात. पापलेट लाखांनी अंडी घालतं, म्हणून त्याला किमान लांबीचा नियम (त्याहून लहान मासा धरायचा नाही) कामी येतो. राज्याने 2023 मध्ये 54 जातींसाठी तो केलाही. शार्कचं गणित वेगळं. लहान वाचवलं आणि मोठी गाभण मादी रोज कापली, तर हाती काय राहतं?

म्हणून माझं मत असं, की लांबी मोजत बसण्यापेक्षा जागा सांभाळा. पिल्लू उलटं करून बघा. पुढच्या दोन परांच्या (पोहायच्या पंखांच्या) मधे पोटावर नाळेची खूण उघडी दिसली, तर ते नुकतंच जन्मलंय आणि तुम्ही शार्कच्या बाळंतिणीच्या खोलीत जाळं टाकलंय. अशी पिल्लं कुठे आणि कोणत्या महिन्यात येतात, हे गावातल्या तांडेलांना (होडीच्या प्रमुखांना) पाठ असतं. तेवढी जागा तेवढे आठवडे सोडायची, हा ठराव मच्छीमार सोसायटी स्वतः करू शकते. अर्थात ट्रॉलर तिथेच घुसणार असतील तर तुम्ही एकट्याने सोडून उपयोग नाही, ही तुमची तक्रार रास्त आहे.

पाखट जिवंत सापडतं, पण सोडलं तरी मरतंच ना? (अलिबाग)

नाही, पाखट चिवट असतं. बऱ्याच शार्कना श्वासासाठी पोहत राहावं लागतं. पाखटाच्या डोळ्यांमागे भोकं असतात, त्यातून पाणी ओढून ते तळाशी पडल्या पडल्याही श्वास घेतं. तासन्‌तास ओढलेल्या ट्रॉलमधलं चिरडलेलं असतं, पण रापणीतलं (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यातलं) किंवा लवकर उपसलेल्या जाळ्यातलं बरेचदा वाचतं. शेपटीला किंवा कल्ल्यात बोटं घालून उचलू नका, दोन्ही हातांनी खालून आधार द्या. काटा शेपटीवर असतो, तिकडे हात नको. होडीत पाखटाजवळ इवलीशी पाखटं दिसली, तर ती त्याने खाल्लेली नव्हेत. पकडल्याच्या धसक्याने मादी अवेळी विते. ती पिल्लंही लगेच पाण्यात सोडा.

काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. विष प्रथिनाचं असतं, उष्णतेने निकामी होतं. जखमेच्या वर दोरी आवळू नका. काटा आत मोडला असेल तर डॉक्टर गाठा. छातीत किंवा पोटात रुतला असेल तर तो उपटायचा नाही, तसंच दवाखान्यात न्यायचं.

व्हेल शार्क अडकला, जाळं कापून सोडला. नुकसान कोण देणार? (रत्नागिरी)

राज्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यखातं देतात, जास्तीत जास्त 25 हजार रुपये. सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो, म्हणून एकाने कापायचं आणि एकाने मोबाइल धरायचा. रक्कम तुटपुंजी आहे, बुडालेला दिवस तीत धरलेलाच नाही. तरी अर्ज कराच.

सासूबाई म्हणतात, बाळंतिणीने मुशी खाल्ली की दूध वाढतं. खाऊ का? (ठाणे)

सासूबाईंचा हेतू उत्तम आहे. पण शार्क खाणाऱ्यांच्या साखळीत वर बसतो, त्यामुळे त्याच्या मांसात पारा साठतो. मासा जितका मोठा आणि म्हातारा तितका जास्त. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी शार्क टाळावा, असं अमेरिकेचं अन्न-औषध प्रशासनही सांगतं. दुधासाठी मासेच हवेत तर बोंबील, मांदेली, तारली आहेत की. स्वस्तही पडतात.

परांना चांगला भाव येतो असं एक व्यापारी सांगतो. वेगळे करून विकू? (मालवण)

त्याला सांगा, पर कापून धड समुद्रात टाकायला 2013 पासून मनाई आहे आणि परांची निर्यात फेब्रुवारी 2015 पासून बंद आहे. मग भाव कुठला देतोय, हे त्यालाच विचारा.