जी४१ मदरबोर्डवर नवीन ४ जीबी डीडीआर३ रॅम लावली की बीप वाजतो, डिस्प्ले येत नाही. रॅम खराब आहे का?

बहुतेक नाही, बोर्डवरच्या इंटेलच्या जी४१ चिपसेटला (रॅम हाताळणाऱ्या मुख्य चिपला) ती रॅम वाचताच येत नाही. हा चिपसेट २ गिगाबिटपर्यंतच्याच मेमरी चिप ओळखतो (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी). आजकाल मिळणाऱ्या ४ जीबी स्टिकवर (रॅमच्या पट्टीवर) बहुधा ८ चिप असतात, म्हणजे प्रत्येक ४ गिगाबिटची. तुम्हाला १६ चिपची, दोन्ही बाजूंना आठ-आठ असलेली स्टिक लागेल. दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या पीसींत हीच गफलत सारखी दिसते, आणि चांगली रॅम उगाच परत जाते.

घेण्याआधी दुकानदाराकडून लेबलचा स्पष्ट फोटो मागवा:
- ४ जीबी स्टिकवर ‘२आरएक्स८’ (2Rx8, म्हणजे १६ चिप) हवं, ‘१आरएक्स८’ (1Rx8, म्हणजे ८ चिप) नको.
- ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून स्वस्तात मिळणारी टाळाच. तिच्यावरही १६ चिप असतात, पण त्यांची जोडणी वेगळी, इंटेलवर चालत नाही.

मात्र काही जी४१ बोर्डांवर डीडीआर२चेच (आधीच्या पिढीच्या रॅमचेच) स्लॉट असतात, तिथे डीडीआर३ची खाच जुळणारच नाही. जोर लावू नका. बोर्डवर छापलेला मॉडेल नंबर आधी वाचा. एकूण मर्यादा ८ जीबी, तीही बोर्डला पुरेसे स्लॉट असतील तरच.